कमोडोर विल्यम जेम्स आणि मराठी आरमाराची चाकरी

लंडन शहराच्या आग्नेय दिशेस शूटर्स हिल नावाची एक टेकडी आहे. तिच्यावरील झाडीत त्रिकोणी बांधणीचा, सुमारे ६३ फूट उंचीचा विटांचा एक मनोरा उभा आहे. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग’. हे नाव मूळचे इंग्रजी नव्हे. दापोली तालुक्यात हर्णैसमोर भर समुद्रात जो सुवर्णदुर्ग उभा आहे, त्याच्याच नावाचे इंग्रजी जिभेवर झालेले हे रूपांतर होय. १७८४ साली एका विधवेने आपल्या दिवंगत पतीच्या स्मरणार्थ रिचर्ड जप या वास्तुकाराकडून हा मनोरा बांधवून घेतला. पतीचे नाव सर विल्यम जेम्स. मराठी इतिहासात या गृहस्थाचे नाव येते ते बहुधा सुवर्णदुर्गाच्या प्रकरणापुरते, आणि तेथेच संपते.

प्रस्तुत लेखात आम्ही या जेम्सच्या साऱ्या चाकरीचा आढावा घेणार आहोत. एका परकीय खलाशाच्या उत्कर्षाची कथा मराठी वाचकांस सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, मराठ्यांचे आरमार का बुडाले, या प्रश्नाचे शाळांतून जे ठराविक उत्तर दिले जाते, ते आम्हांस अपुरे वाटते. ‘त्यांची शिस्त, आमची फूट’ एवढे म्हटले की वर्गातील धडा संपतो. शिस्त म्हणजे नेमके काय, ती कोठून येते, आणि फूट पडली तर तिने नेमके काय मोडले, हे कोणी सांगत नाही. एका माणसाची चाकरी पायरीपायरीने तपासली, तर या शब्दांमागील वस्तू दिसू लागते, अशी आमची समजूत आहे.

विल्यम जेम्सचा जन्म १७२१ च्या सुमारास वेल्समधील पेंब्रुकशायर परगण्यात, मिलफर्ड हेवनजवळ झाला. बाप पिठाची गिरणी चालवणारा होता आणि पोराने लहानपणी नांगर धरला होता, असे सांगतात. वयाच्या बाराव्या वर्षी तो समुद्रावर गेला. पुढे वेस्ट इंडीजमध्ये व व्हर्जिनियाच्या व्यापारात त्याची काही वर्षे गेली. स्पॅनिश लोकांच्या कैदेत पडणे, तेथून सुटल्यावर जहाज बुडणे, उघड्या होडीत थोडी बिस्किटे व एक पिंप पाणी यांवर कित्येक दिवस काढणे, अशा हकिकती त्याच्या चरित्रकारांनी दिल्या आहेत. त्यांतील तपशिलाचा भाग सोडून दिला, तरी एक गोष्ट निश्चित आहे : त्याच्यामागे घराणे नव्हते, पैसा नव्हता आणि शिफारस करणारा वडीलधाराही नव्हता.

१७४७ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. इंग्लंडच्या राजाचे आरमार वेगळे आणि कंपनीचे ‘बाँबे मरीन’ वेगळे. बाँबे मरीनचा उगम सुरतेच्या वखारीच्या संरक्षणार्थ १६१२ च्या सुमारास ठेवलेल्या जहाजांत आहे; मुंबई हे ठाणे झाल्यावर त्यास हे नाव पडले. राजाच्या आरमारातील अधिकारी कंपनीच्या अधिकाऱ्यास आपल्या बरोबरीचा मानीत नसत. जेम्सला राजाची सनद कधीच मिळाली नाही. काही काळ कंपनीच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून काढल्यावर त्यास ‘गार्डियन’ नावाच्या लढाऊ जहाजाचे कप्तानपद देऊन मुंबईस पाठविण्यात आले. येथे त्याचे काम होते ते व्यापारी गलबतांच्या तांड्यांस मलबार किनाऱ्यावर सोबत करण्याचे. हे काम कंटाळवाणे, धोक्याचे आणि कीर्ती न देणारे. परंतु या कामातच त्यास कोकण किनाऱ्याची ओळख झाली. कोणत्या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, कोणत्या किल्ल्याखाली किती वाव पाणी आहे, आंग्र्यांच्या गुराबा वारा पडला असता कशा चालून येतात आणि वारा सुटला असता का मागे हटतात, हे त्याने वर्षानुवर्षे पाहून टिपले. १७५१ साली कंपनीने त्यास आपल्या मुंबईच्या आरमाराचे मुख्य अधिकारपद दिले आणि ‘कमोडोर’ हा हुद्दा दिला. ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ हे त्याचे निशाणाचे जहाज. गिरणीवाल्याचा मुलगा वयाच्या तिसाव्या वर्षी एका आरमाराचा मुख्य झाला.

आता या चढणीची तुलना दुसऱ्या एका चढणीशी करून पाहू. पुढे विजयदुर्गावर चालून आलेला ॲडमिरल चार्ल्स वॉटसन हा राजाच्या आरमारातला. त्याचा जन्म १७१४ चा. बाप वेस्टमिन्स्टर येथील धर्मपीठावर अधिकारी, आणि मामा सर चार्ल्स वेजर हा आरमार खात्याचा प्रमुख. वॉटसन १७२८ साली जहाजावर गेला, १७३४ साली लेफ्टनंट झाला, आणि १७३८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी कप्तान झाला. १७४८ साली तो रिअर ॲडमिरल होता. अशी झटपट बढती मामाच्या वशिल्यावाचून मिळती ना, हे उघड आहे. तेव्हा इंग्रजांकडे केवळ गुणांची कदर होती आणि आमच्याकडे केवळ वशिला होता, अशी मांडणी कोणी करील तर ती खोटी ठरेल. वशिला तिकडेही भरपूर होता.

पण त्या वशिल्याला एक कुंपण होते, आणि तेच येथे महत्त्वाचे. सॅम्युअल पेपिस हा आरमाराचा चिटणीस असताना १६७७ साली असा नियम झाला की, लेफ्टनंट होऊ इच्छिणाऱ्याने काही वर्षे प्रत्यक्ष समुद्रावर काढलेली असावीत आणि नौकानयनाची तोंडी परीक्षा द्यावी. पुढे ही मुदत सहा वर्षांची ठरली. फौजेतील अधिकारपदे त्या काळी इंग्लंडात पैसे मोजून विकत घेता येत. आरमारातील पद विकत मिळत नसे. कप्तान झाल्यावर पुढील बढती ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे होई. उमरावाच्या पोरालाही दोरखंड ओढावा लागे, तारा मोजून अक्षांश काढावा लागे आणि परीक्षकांपुढे उभे राहावे लागे. वॉटसनच्या मामाने भाच्यास दार उघडून दिले. पण दारापर्यंत भाच्यास स्वतःच्या पायांनी चालत यावे लागले.

सुवर्णदुर्गाची हकिकत वाचकांस सर्वसाधारणपणे ठाऊक आहे. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नव्हता. त्याचे आरमार प्रबळ होते; १७४९ साली कंपनीचे ‘रिस्टोरेशन’ हे जहाज त्याने धरून नेले होते, आणि १७५४ साली डच जहाजांचाही त्याने समाचार घेतला होता. नानासाहेब पेशव्यांच्या वतीने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मुंबईकर इंग्रजांशी बोलणे लावले आणि मार्च १७५५ मध्ये करार झाला. २२ मार्च रोजी जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्याजवळ ‘प्रोटेक्टर’, १६ तोफांचे एक लहान जहाज आणि गोळे फेकणारी दोन तारवे, एवढाच सरंजाम होता. चौलजवळ पेशव्यांच्या सात गुराबा व सुमारे साठ गलबते त्यास मिळाली. मुंबईच्या कौन्सिलाची त्यास आज्ञा होती ती बंदराची नाकेबंदी करण्याची. किल्ल्यावर हल्ला करण्याची नव्हती. जेम्सने आंग्र्यांचे आरमार आधी दक्षिणेकडे पळवून लावले, मग किल्ल्याभोवतीचे पाणी मोजले. २ एप्रिल रोजी त्याने समुद्राच्या बाजूने मारा केला. तो फारसा लागू पडला नाही. तेव्हा रात्री त्याने बेत बदलला, आणि दुसऱ्या दिवशी किल्ला व किनारा यांच्यामधील चिंचोळ्या पाण्यात आपले जहाज घालून अगदी जवळून तोफा डागल्या. एक गोळा आत छपरावर पडून आग लागली, ती दारूच्या कोठारास भिडली, आणि त्याच दिवशी सुवर्णदुर्ग हाती आला. किनाऱ्यावरील गोवा, कनकदुर्ग व फत्तेगड हे तीन कोट पाठोपाठ पडले. त्याच महिन्यात बाणकोटही गेला.

आज्ञेबाहेर जाऊन केलेल्या या कृत्याबद्दल जेम्सला शिक्षा झाली नाही. कंपनीने त्याचा गौरव केला. अर्थात तो हरला असता तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

वर्षअखेरीस कौन्सिलाने त्यास विजयदुर्गाची पाहणी करण्यास पाठविले. त्या किल्ल्याचा दबदबा इतका होता की, तो अभेद्य मानला जाई. जेम्सने बंदरात शिरून पाणी मोजले, बुरुजांचे अंतर अजमावले, आणि परत येऊन सांगितले की हा किल्ला सांगोवांगी ऐकला तितका अवघड नाही. मोठी जहाजे त्याच्या माऱ्यापर्यंत आत जाऊ शकतात. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे राजकीय आरमार व क्लाइव्हची पलटण विजयदुर्गावर गेली ती या माहितीच्या आधारावर. १२ फेब्रुवारीस एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला, तिची आग शेजारच्या गुराबांस लागली, आणि काही तासांत आंग्र्यांचे सारे आरमार जळून गेले. १३ तारखेस किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढले. तुळाजी आधीच पेशव्यांच्या छावणीत गेला होता; त्याचे उरलेले आयुष्य कैदेत गेले.

या विजयात सभ्यतेचा अंश किती होता, तेही पाहिले पाहिजे. लूट कोणी कशी वाटून घ्यावी, याचा हिशेब इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई सोडण्यापूर्वीच करून ठेवला होता, आणि त्यावरून दर्यावर्दी व पलटणी यांच्यात कुरबुर झाली होती. सुमारे दहा लक्ष रुपयांची मत्ता हाती लागली. तीतून पेशव्यांस काहीही दिले नाही. किल्लाही त्यांनी महिनोन्महिने दाबून ठेवला. अखेर ऑक्टोबर १७५६ च्या तहान्वये बाणकोट व काही गावे घेऊन मग विजयदुर्ग पेशव्यांच्या स्वाधीन केला. ज्यांस आम्ही ‘शिस्तीचे’ म्हणतो त्यांची ही करणी होय. शिस्त आणि नीती या दोन निराळ्या वस्तू आहेत. विद्यार्थ्यांस शिकविताना त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

पुढील वर्षी फ्रान्सशी युद्ध पेटल्याची वार्ता घेऊन जेम्स बंगालकडे निघाला. तो हंगाम त्या बाजूस जाण्याचा नव्हता. वारे उलटे होते. त्याने जहाज विषुववृत्ताच्या दक्षिणेस खोल नेले, तेथील अनुकूल वाऱ्यांवर पूर्वेकडे सरकला आणि मग उत्तरेस वळून हुगळी गाठली. मोसमाविरुद्धही हा प्रवास साधतो, हे त्याने दाखवून दिले. १७५९ साली तो मायदेशी परतला. लंडनजवळ एल्थम येथे त्याने जमीनजुमला घेतला. शहरात जेरार्ड स्ट्रीटवरील त्याच्या घरी साहित्यिकांचीही बैठक असे. कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न हा त्या घरचा स्नेही. मुंबईच्या कंपनी सरकारातील अधिकारी डॅनियल ड्रेपर याची पत्नी एलायझा हिची व स्टर्नची भेट १७६७ च्या आरंभी याच घरी झाली. स्टर्नने एलायझाला उद्देशून लिहिलेली रोजनिशी इंग्रजी वाङ्मयात प्रसिद्ध आहे. सुवर्णदुर्गाच्या पैशाचा धागा असा एका परकीय साहित्यकृतीच्या उंबरठ्यापर्यंत पोचतो, ही गोष्ट साहित्यप्रेमी वाचकांस कौतुकाची वाटेल.

१७६८ साली जेम्स कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आला. १७७४ मध्ये तो पार्लमेंटचा सभासद झाला. १७७८ मध्ये त्यास बॅरोनेट ही पदवी मिळाली. १७७९ मध्ये तो ज्या कंपनीच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून चढला होता, त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला. १६ डिसेंबर १७८३ रोजी, कन्येच्या विवाहाच्या दिवशी, तो मृत्यू पावला.

नेमके त्याच साली, एप्रिल महिन्यात, पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी रत्नागिरीनजीक कंपनीचे ‘रेंजर’ हे जहाज लढून जिंकले आणि विजयदुर्गास आणले. तिच्यावरील अनेक इंग्रज अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. सालबाईचा तह होऊन गेला होता; त्याची वर्दी समुद्रावर पोचली नव्हती. आरमार जळून २७ वर्षे लोटल्यावरही त्याच बंदरातील मराठी दर्यावर्दी कंपनीच्या जहाजाला भारी होते, एवढे या लढाईने सिद्ध होते. तेव्हा आमच्या पराभवाचे कारण शौर्याचा अभाव हे नव्हे, नौकानयनाचे अज्ञान हेही नव्हे.

तोफा आणि मोठी जहाजे हे कारण पुढे केले जाते. त्यात तथ्य आहे. विजयदुर्गासमोर वॉटसनची जी जहाजे उभी राहिली, त्यांच्या तोडीचे आंग्र्यांजवळ काही नव्हते. तथापि सुवर्णदुर्ग घेण्यास एक ४४ तोफांचे जहाज व तीन लहान तारवे पुरली. उलट १७२१ साली मुंबईकर इंग्रज व गोव्याचे पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर मोहीम काढली, तेव्हा राजाच्या आरमाराचा कमोडोर टॉमस मॅथ्यूज आपली जहाजे घेऊन हजर होता आणि गोव्याचा व्हाइसरॉय जातीने आला होता. ती मोहीम सपशेल फसली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर झालेले इंग्रजांचे हल्लेही वाया गेले होते. मॅथ्यूजकडे मोठी जहाजे होती, राजाची सनद होती, सैन्य होते. नव्हती ती किनाऱ्याची ओळख. ती जेम्सकडे होती. आणि मॅथ्यूजच्या समोर कान्होजी होते, त्यांच्या पाठीशी छत्रपती शाहू व पेशवे होते. जेम्सच्या समोर तुळाजी होता, आणि पेशवे जेम्सच्या बाजूस होते.

आता आमच्या बाजूच्या चाकरीचे स्वरूप काय होते, ते पाहू. शिवछत्रपतींच्या आरमारात दौलतखान, दर्यासारंग, मायनाक भंडारी अशी नावे दिसतात. यांपैकी कोणी मोठ्या वतनदार घराण्यातून आलेले नव्हते. १६७९ साली खांदेरीवर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून कोट बांधणारा मायनाक हा भंडारी. कान्होजी आंग्रे सुवर्णदुर्गावरील चाकरीतून, स्वतःच्या कर्तबगारीने, सरखेल पदापर्यंत चढले. म्हणजे गुणांनी वर येण्याची वाट आमच्याकडेही होती, आणि ती जेम्सच्या जन्माआधीच्या काळात होती. प्रश्न असा की, ती वाट पुढे का बुजली ?

आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण वाचले म्हणजे उत्तराचा माग लागतो. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी पाच गुराबा व पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, असे सांगितले आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये, कारण तसे केल्यास सावकारांस उपद्रव होऊन बंदर मोडते, असा त्यांचा आशय आहे. अमात्यांस आरमार हे राज्याचे खाते म्हणून अभिप्रेत होते. घडले ते याच्या उलट. कान्होजींच्या हयातीतच किल्ले, जहाजे, किनारा आणि दस्तकांचे उत्पन्न ही सारी एका घराण्याची दौलत झाली. १७२९ साली कान्होजी वारले. १७३३ साली सेखोजीही गेले आणि भावाभावांत वाटणी झाली. मानाजी कुलाब्यास, संभाजी विजयदुर्गास. संभाजीनंतर तुळाजी आला. जहाजे वाटली गेली, तसे तांडेल वाटले गेले, आणि तांडेलांबरोबर त्यांच्या डोक्यातील समुद्रही वाटला गेला. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीस शासन करण्याचे ठरविले, तेव्हा राज्याचे म्हणून वेगळे असे बलिष्ठ आरमार त्यांच्याजवळ नव्हते. म्हणून इंग्रजांना बोलवावे लागले. पेशव्यांच्या या निर्णयाचा दोष आम्ही कमी लेखत नाही. परंतु ज्या व्यवस्थेत सरकारी अंमलदार मोडावयाचा म्हणजे त्याचे खातेच जाळावे लागते, ती व्यवस्था आधीच खिळखिळी झालेली असते.

मुंबईच्या मरीनमध्ये याहून निराळे दिसते. जेम्स १७५९ मध्ये गेला, पण त्याने मोजलेले पाणी कागदावर राहिले. प्रत्येक जहाजावर रोजनामा ठेवणे सक्तीचे होते, आणि तो कंपनीच्या दप्तरात जमा होई. त्याच मरीनच्या जॉन मॅक्लूरने १७८७ पासून पश्चिम किनाऱ्याचे पद्धतशीर सर्वेक्षण केले. जेम्सच्या जागी जेम्सचा मुलगा आला नाही, तर यादीतला पुढचा अधिकारी आला. १७६५ साली सिंधुदुर्ग व रेडीचा यशवंतगड घेण्यास मेजर गॉर्डनबरोबर गेला तो बाँबे मरीनचाच जॉन वॉटसन. हाही पुढे मरीनचा मुख्य झाला आणि १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याच्या वेढ्यात जखमी होऊन मेला. मरीन चालूच राहिले. इकडे धुळपांच्या घराण्याने विजयदुर्गाची सुभेदारी इमानाने व पराक्रमाने चालविली. पण ते पदही घराण्याचेच राहिले, आणि १८१८ मध्ये राज्याबरोबर संपले.

यशवंतगडाचा उल्लेख आला, म्हणून आमच्या भागासंबंधी दोन शब्द. रेडी आमच्या पेडण्याच्या वेशीवर आहे. मधे केवळ तेरेखोलची नदी. त्या काळी पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांचे. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी डिचोली जिंकली होती, ती पुढे परत गेली. १७८१ ते १७८८ च्या दरम्यान हे महाल कायमचे पोर्तुगीजांकडे आले. इंग्रजांनी यशवंतगड १७६६ साली पैसे घेऊन सावंतांस परत केला. म्हणजे ज्या ‘मरीन’चा इतिहास मुंबईचा म्हणून आपण वाचतो, त्याच्या तोफा आमच्या नदीच्या मुखाशी वाजून गेल्या आहेत. आमच्या मये गावाला तर या प्रश्नाचा दुसरा पैलूही परिचित आहे. पोर्तुगीज राजसत्तेने हा गाव एका उमराव घराण्यास देऊन टाकला, आणि त्या देणगीतून निर्माण झालेला जमिनींचा गुंता १९६१ च्या मुक्तीनंतरही सुटेना. त्यासाठी २०१४ साली गोवा विधानसभेस स्वतंत्र कायदा करावा लागला. चाकरीचे वा मर्जीचे फळ म्हणून मुलूखच तोडून दिला, तर तो माणूस आणि ती राजवट गेल्यावरही काय उरते, हे आमच्या गावकऱ्यांस पुस्तकातून शिकण्याची गरज पडली नाही.

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की, जेम्स ज्या शिडीवरून चढला ती सर्वांस खुली होती. बाँबे मरीनच्या जहाजांवर मोठ्या संख्येने लष्करी म्हणजे देशी खलाशी असत. त्यांतील पुष्कळ याच पश्चिम किनाऱ्यावरचे. शिडे त्यांनी चढविली, वल्ही त्यांनी मारली, गोळ्यांखाली तेही उभे राहिले. त्यांच्यापैकी कोणी कमोडोर होणे शक्य नव्हते. मरीनचे १८३० मध्ये ‘इंडियन नेव्ही’ असे नामांतर झाले, १८६३ मध्ये ते मोडले, पुढे निराळ्या नावांनी पुन्हा उभे राहिले. परंतु त्यात अधिकाऱ्याची सनद पहिल्या हिंदी माणसास मिळाली ती १९२८ साली. वेल्समधील गिरणीवाल्याच्या पोराला तीस वर्षांच्या वयात जे मिळाले, ते हर्णैच्या वा मालवणच्या तांडेलाच्या वंशजांस पावणेदोनशे वर्षे मिळू शकले नाही. स्वतंत्र भारताच्या नौदलाला पहिला हिंदी सरसेनापती १९५८ मध्ये लाभला. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी भारतीय नौदलाचा ताफा या किनाऱ्यावर आला, तेव्हा त्याचे आधिपत्य रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण या मराठी अधिकाऱ्याकडे होते. पुढील वर्षी ते नौदलाचे प्रमुख झाले. ज्यांच्या घराण्यास कोणी किनारा तोडून दिलेला नाही, अशांनी यादीतून, परीक्षेतून आणि समुद्रावरील वर्षांतून वर यावे, ही वाट आता या देशात रुजली आहे. शिवछत्रपतींच्या आरमारात तिचा आरंभ होता, हे मात्र विसरता कामा नये.

२०२२ साली भारतीय नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. मुंबईतील नौदलाच्या ठाण्याला तर कान्होजींच्या स्मरणार्थ ‘आंग्रे’ हे नाव फार पूर्वीपासून आहे. हे गौरव उचित आहेत. परंतु सुवर्णदुर्गावर ३ एप्रिल १७५५ रोजी दारूचे कोठार उडाले तेव्हा त्या आगीत कोण होते, तुळाजीच्या गुराबांचे तांडेल कोण, धुळपांबरोबर ‘रेंजर’वर उडी घेणारे कोण, हे विद्यार्थ्याने विचारले तर शिक्षकापाशी उत्तर नसते. जेम्सच्या बालपणातील नांगराची दंतकथासुद्धा इंग्रजांनी लिहून ठेवली. आमच्या खलाशांची नावे पेशवे दप्तरातील हिशेबांत, देवस्थानांच्या जमाखर्चात, किनाऱ्यावरील घराण्यांच्या पेटाऱ्यांत विखुरलेली असतील. त्यांच्या आधारे चरित्रे लिहिण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात जन्मभर बसून पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास वर काढला. ते आमच्या शेजारच्या पिसुर्ले गावचे. एका माणसाने एका दप्तरातून इतके दिले, तर तेरेखोलपासून बाणकोटपर्यंतच्या शाळांतील शिक्षकांनी आपापल्या गावापुरते तरी पाहणे अशक्य नाही.

यासाठी अकादमीच्या सभासदांपुढे आम्ही एक लहानशी सूचना ठेवतो. किनाऱ्यावरील प्रत्येक शाळेने आपल्या पंचक्रोशीतील गाबीत, भंडारी, खारवी, दालदी व कोळी घराण्यांकडे असलेले जुने कागद, सनदा, हत्यारे आणि तोंडी चालत आलेल्या हकिकती यांची एक वही करावी. हकिकत कोणी, केव्हा, कोठे सांगितली हे तीत तारखेनिशी लिहावे. दंतकथा ती दंतकथा म्हणून आणि कागद तो कागद म्हणून वेगवेगळे नोंदवावे. वहीची एक प्रत अकादमीकडे यावी. मुख्याध्यापक बदलला, शिक्षक निवृत्त झाला, तरी वही शाळेची म्हणून राहावी, कोणाच्या घरी जाऊ नये. जहाजाच्या रोजनाम्याचा नियम हाच होता, आणि येत्या जूनपासून, शाळा उघडताच, आमच्या शाळेत आम्ही तो लागू करीत आहोत.